आवाज बसला कुणाचा? यंत्राचा की कानाचा?

गेल्या वर्षी मे महिन्यात एका रात्री अमरावतीत वादळी पाऊस झाला. लाईन गेली, आली, पुन्हा गेली. सकाळी पाहतो तर टीव्हीखालचा सेट टॉप बॉक्स मेलेला. चार दिवसांनी नवा बॉक्स आला, एचडीचा. चित्र आरशासारखे स्वच्छ झाले. पण घरातल्या होम थिएटरचा आवाज मात्र बसला.

हे होम थिएटर म्हणजे आमच्या घरची मोठी खरेदी. बदली होऊन गेलेल्या एका साहेबांकडून मी ते जुनेच घेतले. एक रिसीव्हर, पाच स्पीकर आणि एक वूफर, मिळून चौदा हजार रुपये. पैसे पतसंस्थेचे कर्ज काढून दिले आणि ते हप्ते अजून पगारातून कापले जातात. म्हणून आवाज बसला तेव्हा माझाही जीव खाली बसला.

आधी ३५ वर ठेवले तरी घरभर ऐकू येई. आता ५० केले तरी समाधान होईना. घरात जो तो आपापले कारण सांगू लागला. मुलगा म्हणाला, "बाबा, यंत्र जुनं झालं, नवीन साउंडबार घेऊ." सौ. म्हणाली, लाईनच कमी दाबाची येते. आईचे ऐकायला मात्र कुणी बसले नाही. ती रोज एकच सांगत होती, "गाणं आयकू येते रे बावा, बाजाही आयकू येते. माणसं बोलतात थेच आयकू येत नाही."

वय अठ्ठ्याहत्तर. आम्ही सर्वांनी मिळून निकाल देऊन टाकला की आजीचे कान गेले. पोरे हसली. मीही हसलो. दोनेक आठवड्यांत आईने आमच्याबरोबर टीव्हीपुढे बसणे सोडले. संध्याकाळी ती बाहेर ओट्यावर एकटीच बसू लागली. "बसा तुम्ही, मले काय समजते त्यातलं," एवढेच म्हणायची.

दोन हजार सहाशेची आयसी

रविवारी रिसीव्हर पिशवीत घालून बाजारात नेला. दुकानदाराने झाकण न उघडताच सांगितले, "आउटपुटची आयसी गेली. दोन हजार सहाशे लागतील. उद्या या." मी यंत्र ठेवणार तेवढ्यात सौ.चा फोन आला. तिचा भाऊ अकोल्याला असतो, लग्नात आणि जयंतीत साउंड लावण्याचे काम करतो. त्याला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका, असा तिचा निरोप होता.

साळ्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "भाऊजी, आवाज सगळ्याचाच कमी झाला का एकाच गोष्टीचा?" मला उत्तर देता आले नाही. मी तपासलेच नव्हते.

"मग खोलू नका. पहिले घरी नेऊन मोबाईल लावून पाहा. एका टाईमले एकच गोष्ट बदलवा आणि कागदावर लिहा."

वाचकहो, मी बी.कॉम. झालेला कारकून आहे. इलेक्ट्रॉनिक्समधले मला काही कळत नाही. पण साळ्याचे बोलणे मला लगेच पटले, कारण आमच्या कामात ट्रायल बॅलन्स जुळला नाही की आम्हीही हेच करतो. फरक दिसला म्हणून कुणी सगळी खाती नव्याने लिहीत नाही. बेरीज तपासायची, मग एकेक नोंद, मग पुढे नेलेली शिल्लक. फरक ज्या पानावर सुरू झाला ते पान सापडले की काम झाले.

आवाजाचीही अशीच वाट असते. तो सेट टॉप बॉक्स, मोबाईल किंवा प्लेअरमधून निघतो, वायरीतून रिसीव्हरमध्ये येतो, तिथे मोठा होतो, दुसऱ्या वायरीतून स्पीकरकडे जातो, खोलीत पसरतो आणि शेवटी कानात पोचतो. यातल्या कोणत्याही पानावर चूक असू शकते.

घरी काय सापडले?

पहिली नोंद. बॉक्स बाजूला ठेवून मोबाईल वायरने रिसीव्हरला जोडला. मोबाईलचा स्वतःचा आवाज पूर्ण केला, रिसीव्हर ३५ वर ठेवला आणि गाणे लावले. घर दणाणले. म्हणजे यंत्राची ताकद शाबूत होती. आयसी गेलेली असती तर मोबाईलचे गाणेही खणखणीत आले नसते. दोन हजार सहाशे रुपये तिथेच वाचले.

दुसरी नोंद. पुन्हा नवा बॉक्स जोडला. आवाज कमी. दोष बॉक्सकडे सरकला.

तिसरी नोंद. मुलाने बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑडिओचा पर्याय पाहिला. तिथे डॉल्बी निवडलेले होते. ते बदलून साधे स्टीरिओ केले, तर बातम्या देणाऱ्या बाईचा आवाज एकदम समोर आला! पुन्हा डॉल्बी केले, बाई पुन्हा दूर गेली.

मुलगा म्हणाला, "झालं, स्टीरिओवरच ठेवू." साळा फोनवर होता. तो म्हणाला, "थांबा. डॉल्बीत बोलणं मधल्या स्पीकरमधून येते. थो वाजते का पाहा."

चौथी नोंद. बहुतेक रिसीव्हरमध्ये टेस्ट टोन नावाची सोय असते. ती सुरू केली की प्रत्येक स्पीकरमधून पाळीपाळीने 'श्श्श' असा आवाज येतो. आम्ही चालू केली. डावा वाजला. मग मधल्याची पाळी आली आणि सगळे शांत. मग उजवा वाजला, मग मागचे दोन.

टीव्हीचे रॅक ओढले. मधल्या स्पीकरची लाल वायर खुंटीतून निसटून भिंतीला टेकली होती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, जयंतीच्या आधी, आम्ही घराला रंग दिला होता. तेव्हा रॅक सरकवले गेले आणि वायर सुटली. महिनाभर कुणाला कळले नाही, कारण जुना बॉक्स साधा स्टीरिओ आवाज देत होता आणि त्यात आमचे यंत्र मधला स्पीकर वापरतच नव्हते. नवा एचडी बॉक्स आला, डॉल्बी सुरू झाले आणि बोलण्याचा मोठा भाग त्या सुटलेल्या वायरीकडे जाऊ लागला. संगीत, टाळ्या, मोटारींचा आवाज डावीउजवीकडून येत राहिला. बाजूच्या स्पीकरमध्ये झिरपणाऱ्या थोड्याशा बोलण्यावर आम्ही तरण्या कानांची माणसे भागवत होतो.

गाणे ऐकू येते, बाजा ऐकू येतो, माणसे बोलतात तेच ऐकू येत नाही. आई पहिल्या दिवसापासून नेमका दोष सांगत होती. एवढे अचूक निदान दुकानदाराने केले नाही, मुलाने केले नाही, मी केले नाही.

डॉल्बी म्हणजे आवाजाची भिंत नव्हे

आपल्याकडे डॉल्बी म्हटले की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यांपुढे येते. खरे तर हे एका माणसाचे आडनाव आहे. रे डॉल्बी हे अमेरिकन अभियंते १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते. १९६५ मध्ये त्यांनी लंडनला आपली कंपनी काढली. तिचे पहिले नाव झाले ते टेपमधली खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. कॅसेट डेकवर 'डॉल्बी' लिहिलेले बटन असे, ते त्यासाठीच. २०१३ मध्ये ते वारले. गोंगाट कमी करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचे नाव आपण छाती हादरवणाऱ्या गोंगाटाला दिले आहे!

डॉल्बी डिजिटलमध्ये आणखी एक गोष्ट आहे. कार्यक्रमातले बोलणे सगळीकडे सारख्या पातळीवर यावे म्हणून त्या आवाजाबरोबर एक सूचना येते आणि त्यानुसार रिसीव्हर स्वतःच आवाज खाली आणतो. धमाके आणि वाद्यांसाठी वर जागा उरावी, हा त्यामागचा हेतू. म्हणून साध्या वाहिनीवरून डॉल्बीच्या वाहिनीवर गेले की आवाज थोडा पडल्यासारखा वाटतो. वायर जोडल्यावरही आम्हाला ३५ ऐवजी ३९ ठेवावे लागते. हा बिघाड नव्हे. चार आकडे वाढवावेत आणि गप्प बसावे.

वजा चाळीस मोठे की वजा तीस?

काही रिसीव्हरवर आवाजाचा आकडा वजा चिन्हाने दिसतो. वजा ४० पेक्षा वजा ३० हा मोठा आवाज. बँकेतला ओव्हरड्राफ्ट आठवावा, वजा जितका कमी तितकी स्थिती बरी. हा आकडा डेसिबलमध्ये असतो. ३ डेसिबल उतरले की स्पीकरला जाणारी शक्ती निम्मी होते, पण कानाला फरक थोडाच वाटतो. कानाला आवाज निम्मा वाटायला सुमारे १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे शक्ती दहाव्या हिश्शावर येते. म्हणून आवाज दुप्पट हवा असेल तर दुप्पट वॅटचे यंत्र घेऊन भागत नाही. पूर्वी खोक्यावर हजारो वॅट 'पीएमपीओ' छापलेले असायचे, त्या आकड्याला कसलेच ठरलेले माप नव्हते. खरेदी करताना 'आरएमएस' वॅट विचारावेत.

आणि कमी दाबाची लाईन? घरगुती वीज २३० व्होल्टची असते. दाब उतरला तर यंत्र मोठ्या आवाजात फाटते, अडखळते, कधी बंद पडते. पण रोजच्या मध्यम आवाजात निव्वळ त्यामुळे आवाज निम्मा होत नाही. सौ.चा तर्क तेवढ्यापुरता चुकला, पण दुकानात फोन तिनेच केला होता, म्हणून मी ते फार ताणले नाही.

तुमच्या घरी असे झाले तर

यंत्र पिशवीत भरण्याआधी पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात. एका वेळी एकच बदल करावा.

१. दुसरी वस्तू जोडून पाहा. मोबाईल, पेन ड्राईव्ह, जुना प्लेअर, जे असेल ते. एकाचाच आवाज कमी असेल तर दोष त्या वस्तूत, तिच्या वायरीत किंवा तिच्या सेटिंगमध्ये आहे. ब्लूटूथवर मोबाईलचा आवाज वेगळा कमी-जास्त होतो, तो पूर्ण करा. बॉक्सच्या रिमोटचा आवाजही पूर्ण आहे का ते पाहा.

२. रिमोटने काही दाबले गेले का? नाईट मोड, मिडनाईट, डीआरसी, डायनॅमिक व्हॉल्यूम अशा नावांची सोय मोठे आवाज दाबून टाकते. रात्री शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून ती चांगली आहे, पण लहान मुलाच्या हातून दिवसा लागून राहते. काही यंत्रांत आवाजाची कमाल मर्यादाही ठरवता येते, तीही तपासा.

३. हेडफोनच्या भोकात काही अडकलेले नाही ना? पिन आत असली की स्पीकर बंद होतात. भोकात कचरा किंवा गंज असला तरी यंत्राला पिन आहे असेच वाटू शकते. पिन चार-सहा वेळा आतबाहेर करून पाहा.

४. यंत्र बंद करून, प्लग काढून, स्पीकरच्या सगळ्या वायरी पाहा. तांब्याच्या तारा काळ्या पडल्या असतील तर टोक कापून नवे सोला. लाल खुंटीला लाल, काळ्या खुंटीला काळी. एका स्पीकरची उलट लागली तर दोन्ही स्पीकर वाजतात, पण ढोलकीचा भरीवपणा जातो आणि आवाज पोकळ लागतो. एक सुटा धागाही शेजारच्या खुंटीला लागता कामा नये, त्याने यंत्र जळू शकते.

५. स्पीकर जिवंत आहे का हे पाहायला पेन्सिल सेल पुरतो. स्पीकरच्या वायरी यंत्रातून काढून घ्या आणि दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवा. 'खर्र' वाजले तर बहुधा ठीक आहे.

६. टेस्ट टोन लावून प्रत्येक स्पीकर ऐका. स्पीकर किती जोडले आहेत हे यंत्राला सांगितलेले असते. मधला स्पीकर तुमच्याकडे नसेल तर सेटिंगमध्ये तो 'नाही' असे करा, म्हणजे बोलणे डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वाटले जाईल.

७. आवाज लहान ठेवला की एक बाजू मंद होते आणि मोठा केला की अचानक 'फट्' करून परत येते, असे होत असेल तर जुन्या यंत्रातल्या रिलेचे संपर्क बिंदू काळवंडलेले असू शकतात. यंत्र चालू केल्यावर काही क्षणांनी जो 'टक' आवाज येतो तो रिलेचा. ते काम मेकॅनिकचे, पण त्याला हे लक्षण नेमके सांगा. खर्च आयसीपेक्षा पुष्कळ कमी येतो.

८. आवाजाचे बटन फिरवताना खरखर येत असेल तर त्यात धूळ आहे. त्यासाठी कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मिळतो. रॉकेल किंवा गोडेतेल टाकू नये.

९. हे सगळे झाल्यावर शेवटी फॅक्टरी रिसेट. त्याआधी असलेल्या सेटिंग कागदावर उतरवून घ्या.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी दुकानात जुळवून घेतलेले अॅम्प्लिफायर आहेत, ४४४० आयसीच्या बोर्डवर चालणारे. त्यांच्यात ही सगळी सेटिंग नसतात. तिथे आवाज हळूहळू पातळ होत गेला आणि 'हंम्म' असा घुमारा येऊ लागला, तर बहुतेक वेळा कपॅसिटर वाळलेले किंवा फुगलेले असतात. ते बदलायला फारसा खर्च येत नाही.

दोन गोष्टी मात्र कधी करू नका. प्लग काढल्यावरही यंत्राच्या पोटात काही काळ वीज साठलेली असते, म्हणून झाकण स्वतः उघडू नका. आणि यंत्रावर शोभेचा रुमाल टाकू नका. आपल्या वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्यात वरची जाळी झाकली तर यंत्र तापून स्वतःला बंद करून घेते किंवा जळते. वर आणि मागे वीतभर मोकळी जागा ठेवा.

कानाचे काय?

वायर जोडली. आईला ओट्यावरून हाताला धरून आत आणले. चित्रपट लागला होता. ती ऐकत बसली आणि म्हणाली, "आता बोलून राह्यले बरोबर."

पण माझ्या लक्षात आले की ती अजूनही पुढे वाकून ऐकते. 'सात' आणि 'आठ' यात तिचा घोटाळा होतो. यंत्राचा हिशेब लागला म्हणजे सगळा ताळा लागला असे नव्हते. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही कानांत मळ घट्ट बसला होता. तो काढल्यावर तपासणी केली, तेव्हा वयाने येणारे ऐकण्यातले उणेपणही निघाले. डॉक्टरांनी समजावून सांगितले की वय झाले की आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, च, ट ही अक्षरे त्या पट्टीतली. स्वर ऐकू येतात, व्यंजने निसटतात. म्हणून म्हातारी माणसे म्हणतात, "आयकू येते, पण समजत नाही." ते खरेच सांगत असतात. त्यांच्या कानाशी ओरडून उपयोग नसतो. समोर बसून, सावकाश, स्पष्ट बोलावे लागते.

आता आईला श्रवणयंत्र लागले आहे. गरजू ज्येष्ठांच्या साहाय्यक साधनांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली आणि राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ साली सुरू झाली. दोन्हींत श्रवणयंत्राचा समावेश आहे. उत्पन्नाच्या आणि वयाच्या अटी समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचाराव्यात, कागद अपुरे म्हणून परत यावे लागले तरी पुन्हा जावे.

तरुण मुलांनीही एक लक्षात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत कानाला झेपतो. त्यापुढे आवाज वाढेल तशी ही मुदत झपाट्याने घटते. कानातली एकदा गेलेली पेशी परत येत नाही. तिला कुठल्याच दुकानात सुटा भाग मिळत नाही.

शेवटी आम्ही यंत्रातही एक बदल केला. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा वाढवता येतो. मुलाने मधला स्पीकर तीन डेसिबलने वाढवला. सगळा गोंगाट वाढत नाही, फक्त बोलणे थोडे पुढे येते. ज्यांच्या घरी वयस्क माणसे आहेत त्यांनी हे जरूर करून पाहावे, याला एक पैसाही लागत नाही.

परवा मी आईला म्हटले, "चुकलंच आमचं माय. तू तं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

टीव्हीवरची नजर न हलवता ती म्हणाली, "सांगितलं होतं ना. आयकू तुमाले येत नव्हतं."